मूल झालं नाही, लग्न मात्र झालं होतं : एका कॅथलिक जोडप्याचं प्रकरण

ती पहिल्यांदा आली ती एकटीच. खुर्चीत नीट टेकलीही नाही. “ताई, मूल होत नसेल तर आपल्यात लग्न रद्द होतं का? होत असेल तर मला आधी सांगा. तो चौकशी करतोय, मला न सांगता.”

मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, कुटुंबसेवेचं काम करते. लग्नाच्या तयारीचे वर्ग घेणं, अडचणीतल्या जोडप्यांशी बोलणं, गरज पडली तर त्यांना फादरांकडे किंवा धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे चर्चच्या न्यायालयाकडे, पाठवणं, एवढंच माझं काम. हे प्रकरण त्या दोघांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. लिहावंसं वाटलं याचं कारण एकच. मूल नसलेल्या जोडप्यापर्यंत ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, मनाई फार लवकर पोचते. टेस्ट ट्यूब नको, दात्याचं वीर्य नको, दुसरीचं गर्भाशय नको. पण त्याच ख्रिस्तसभेनं, बऱ्याचदा त्याच कागदावर, तुमचं लग्न तसूभरही उणं नाही असं ठामपणे लिहून ठेवलंय. ते त्यांच्या कानावर घालायला कुणी जात नाही. या दोघांना ते कळायला लग्नानंतर सहा वर्षं लागली.

काय घडलं होतं

लग्नाच्या वेळी ती २७ वर्षांची, तो ३०. दोघं कॅथलिक, विवाहसंस्कार चर्चमध्ये रीतसर झालेला. तिसऱ्या वर्षी तपासण्या सुरू झाल्या, आणि नेहमी होतं तसंच झालं : सगळ्या तिच्या. रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारी दुखरी तपासणी. दीड वर्ष हे चाललं. तिच्यात काही दोष निघाला नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नवऱ्याची वीर्यतपासणी राहिलीच आहे. मला याचा अजून राग येतो. ती सगळ्यात सोपी तपासणी. पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती.

अहवालात शुक्राणूंची संख्या शून्य होती. पुन्हा केली, पुन्हा शून्य. हार्मोनच्या चाचणीत एफएसएच, म्हणजे शुक्राणू तयार करायला लावणारं हार्मोन, खूप वाढलेलं. नळी कुठे तुंबलेली नव्हती. शुक्राणू तयारच होत नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी गालगुंड झाले होते का? झाले होते, पंधराव्या वर्षी. त्या आजारात अंडकोषांना दोन्हीकडे सूज आली होती, आठवडाभर ताप होता. घरात तो विषय लाजेखातर कुणी काढला नाही. ताप उतरला आणि सगळे विसरले. वयात आल्यावर गालगुंड झाले तर ही सूज येऊ शकते आणि दोन्ही बाजूंना आली तर क्वचित कायमचं नुकसान होतं, हे त्याला तिशी उलटून गेल्यावर, एका टेबलाच्या पलीकडून कळलं.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. शस्त्रक्रिया करून अंडकोषात एखाद-दुसरा शुक्राणू सापडतो का पाहायचं आणि सापडला तर प्रयोगशाळेत सुईनं बीजात सोडायचा. नाही तर दात्याचं वीर्य. सासूबाई दुसऱ्या रस्त्याला लगेच तयार झाल्या. “कुणाला कळणार आहे?” असं त्या म्हणाल्या. तो काहीच बोलला नाही. पुढे कित्येक महिने तो घरात कामापुरतं बोलत असे. त्याच काळात त्यानं मनाशी ठरवून टाकलं की आपल्यामुळे हिचं आयुष्य वाया जातंय, तर हिला मोकळं करावं. कुणीतरी सांगितलं की मूल नसेल तर चर्च लग्न रद्द करून देतं. तो कागद शोधायला लागला.

तिनं मला जे विचारलं त्यामागे हे एवढं सगळं होतं.

हे लग्न होतं का?

मी दोघांना एकत्र बोलावलं आणि कॅनन कायद्यापासूनच, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्यापासूनच, सुरुवात केली. आधी सांत्वन, मग कायदा असा क्रम इथे चालला नसता. त्याला सांत्वन नको होतं. त्याला सुटकेचा दरवाजा हवा होता. तो दरवाजा आहे की नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवं होतं.

पहिली गोष्ट : ज्याला सगळे “रद्द करणं” म्हणतात, ते रद्द करणं नसतंच. न्यायाधिकरण झालेलं लग्न मोडत नाही. संस्काराच्या दिवशी वैध लग्न खरोखर जुळून आलं होतं का, एवढंच ते तपासतं. वैध संस्कार झाला असेल आणि पतिपत्नी शरीरानंही एक झाले असतील, तर मृत्यूखेरीज कोणतीही मानवी सत्ता किंवा कोणतंही कारण ते लग्न सोडवू शकत नाही. १९८३च्या कॅनन संहितेतलं कलम ११४१ हेच सांगतं.

दुसरी गोष्ट कलम १०८४ची, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. त्यात दोन वेगळ्या अवस्था आहेत. लग्नाच्या आधीपासून असलेली आणि कायमची अशी शरीरसंबंधाची असमर्थता लग्न निरर्थक ठरवते. त्यातही शंका असेल तर लग्न अडवायचं नाही, ही सूचना लगेच पुढे आहे. पण वंध्यत्वाबद्दल तिसऱ्या पोटकलमात सरळ लिहिलंय : वंध्यत्वामुळे लग्नाला मनाई होत नाही आणि ते निरर्थकही ठरत नाही. या दोघांच्या शरीरसंबंधात कधीच अडचण नव्हती. ते पतिपत्नी होते, पहिल्या दिवसापासून.

त्याच पोटकलमात एक अपवाद जोडलाय आणि तो त्याच्यापासून लपवणं मला बरोबर वाटलं नाही. कलम १०९८. समोरच्याची संमती मिळवण्यासाठी कुणी मुद्दाम फसवलं असेल, आणि लपवलेली गोष्ट संसारात गंभीर बिघाड आणू शकेल अशी असेल, तर संमती वैध राहत नाही. आपण वंध्य आहोत हे पक्कं ठाऊक असूनही कुणी ते दडवून लग्न केलं, तर न्यायाधिकरण त्याची चौकशी करू शकतं. मी त्याला विचारलं, “तुला लग्नाआधी माहीत होतं?”

“नाही.”

“शंका होती?”

“गालगुंड झाले होते एवढंच आठवत होतं. त्याचा याच्याशी काही संबंध असतो हेच माहीत नव्हतं.”

मग फसवणूक कुठून आली? त्यानं मान खाली घातली. मला वाटतं, त्या क्षणी त्याला थोडा धक्काच बसला. आपण तिला फसवलं असं त्यानं स्वतःला पटवून ठेवलं होतं, आणि कायदा म्हणत होता की नाही.

त्याचे एक काका तरुणपणी धर्मशिक्षण देत असत. त्यांचं म्हणणं होतं की लग्नाचा प्रमुख हेतू मूल, तोच नसेल तर उरतं काय? काकांचं वाक्य अगदीच हवेतलं नव्हतं. १९१७च्या जुन्या संहितेत संततीला जन्म देणं आणि तिचं संगोपन हाच विवाहाचा प्राथमिक हेतू म्हटला होता, परस्परांचा आधार दुय्यम. आजच्या संहितेत ती उतरंड नाही. पतिपत्नींचं कल्याण आणि संतती ही दोन्ही उद्दिष्टं कलम १०५५मध्ये शेजारी शेजारी येतात. पण काकांना मी वेगळीच गोष्ट दाखवली. प्राथमिक हेतू सांगणाऱ्या त्याच १९१७च्या संहितेत, कलम १०६८मध्ये, वंध्यत्व लग्नाला बाधा आणत नाही असंही छापलेलं आहे. म्हणजे ही काही आजची सवलत नव्हे.

खरं तर ती पंधराशे वर्षांहून जुनी आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीननं विवाहाची तीन सुखं सांगितली : संतती, निष्ठा आणि न तुटणारं पवित्र बंधन. पहिलं लाभलं नाही तरी तिसरं सुटत नाही, आणि मूल व्हावं म्हणून वंध्य पत्नीला टाकून दुसरी करणं ख्रिस्ती माणसाला मान्य नाही, असं त्यानं लिहिलं. हे रोमन जगात लिहिलं गेलं होतं हे ध्यानात घ्यायला हवं. रोममधला पहिला घटस्फोट एका सरदारानं बायकोला मूल होत नाही म्हणून घेतला, अशी कथा त्या लोकांत सांगितली जात असे. त्या समाजात ऑगस्टीनचं वाक्य बाईच्या बाजूनं उभं राहणारं होतं.

त्यांना मी नेपोलियनचीही गोष्ट सांगितली. वारस हवा म्हणून त्यानं १८०९च्या डिसेंबरात जोसेफीनशी असलेला नागरी विवाह मोडला. धार्मिक विवाहही दूर करायचा होता. युरोपचा सम्राट तो, पॅरिसचं धर्मन्यायालय त्याच्या शब्दाबाहेर जाईना. तरीही १८१०च्या जानेवारीत विवाह निरर्थक ठरवताना तिचं वंध्यत्व हे कारण त्यांना लिहिता आलं नाही. संस्काराच्या वेळी योग्य धर्मगुरू आणि साक्षीदार नव्हते, अशा विधीतल्या उणिवा शोधाव्या लागल्या. त्या निकालाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण आमच्या कामाचा मुद्दा एवढाच की मूल नाही हे कारण सम्राटालाही पुरलं नाही.

ती हसली, पहिल्यांदाच. तो मात्र गंभीर होता. “म्हणजे तिला माझ्यापासून सोडवता येणार नाही.”

ती म्हणाली, “मी कधी म्हटलं होतं सोडव म्हणून?”

सहा वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी बोललं नव्हतं.

वेदीपुढचा तो प्रश्न

दुसऱ्या भेटीत तिनं एक गोष्ट काढली, जी मला सुचलीच नव्हती. संमती घेण्याआधी फादर वधूवरांना विचारतात की देव देईल ती मुलं तुम्ही प्रेमानं स्वीकाराल का. “आम्ही हो म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. मग ते वचन आमच्याकडून मोडलंच ना?”

मी लग्नाचे वर्ग घेते. तो प्रश्न शेकडो वेळा समजावून सांगितलाय. तरी तो मूल न झालेल्या बाईच्या कानांनी मी कधी ऐकला नव्हता. त्या रात्री विवाहविधीचं पुस्तक काढून बसले. प्रश्न स्वीकारण्याबद्दल आहे. मुलं जन्माला घालाल का, असा प्रश्न नाहीच. देईल तर घेऊ, दार बंद करणार नाही, एवढंच वधूवर कबूल करतात. शिवाय वधूवर उतारवयाचे असतील तर हा प्रश्न गाळता येतो, अशी सूचना विधीतच आहे. साठीतल्या जोडप्याचंही लग्न ख्रिस्तसभा लावते, आणि पूर्ण संस्कार म्हणून लावते. कुणी नसबंदी केलेली असली तरी त्या कारणानं तो विवाहाला असमर्थ ठरत नाही, हा जुना वाद व्हॅटिकनच्या १३ मे १९७७च्या आदेशानं मिटवला आहे.

वचन मोडतं ते मूल मुळातच नको असं मनाशी ठरवून संमती देणाऱ्याचं. कलम ११०१ त्याबद्दल आहे. यांनी तर दार उघडं ठेवून सहा वर्षं वाट पाहिली होती. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ रडली. मी थांबवलं नाही.

१९६५मध्ये जगभरच्या बिशपांच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेनं ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात, पन्नासाव्या परिच्छेदात, हेच अधिक उघड केलं. विवाह केवळ संततीसाठी योजलेला नाही. तीव्र इच्छा असूनही मूल झालं नाही तरी सबंध आयुष्याचा सहवास म्हणून तो टिकतो, त्याचं मोल आणि त्याचं अभंगपण कायम राहतं. आणि १९६८च्या ‘हुमाने विते’ या परिपत्रकात, ज्याची आठवण लोक फक्त गर्भनिरोधाच्या मनाईसाठी ठेवतात, अकराव्या परिच्छेदात पोप सहावे पॉल म्हणतात की पतिपत्नींच्या इच्छेबाहेरच्या कारणानं संबंध फलद्रूप होणार नाही हे आधीच ठाऊक असलं, तरी तो संबंध उचितच राहतो. हे मी त्याला मुद्दाम वाचून दाखवलं. अहवाल आल्यापासून तो तिच्या जवळ गेला नव्हता. “काय उपयोग?” असं त्याला वाटत होतं. उपयोग हा शब्दच तिथे चुकीचा आहे, हे मी त्याला सांगितलं. याहून जास्त त्या विषयावर मी बोलले नाही. ते त्यांचं आहे.

डॉक्टरांचे दोन रस्ते

आता अवघड भाग. हा मी घाईनं उरकणार नाही.

दात्याच्या वीर्याबद्दल तिच्या मनात फारसा गोंधळ नव्हता. व्हॅटिकनच्या १९८७च्या ‘दोनुम विते’ या सूचनापत्रात त्याचं कारण मोठ्या नेमकेपणानं आलंय : पतिपत्नींनी आईबाप व्हायचं ते एकमेकांच्याच द्वारे. तिसरा माणूस, नाव नसलेला का असेना, त्या नात्यात शिरतो आणि मुलाचा आपल्या मुळाशी असलेला धागा तुटतो. सासूबाईंच्या “कुणाला कळणार?” या प्रश्नाला ती म्हणाली, “मला कळेल, त्याला कळेल आणि कधीतरी मुलाला कळेल.”

पण पहिला रस्ता तिला हवा होता. अगदी मनापासून. तिनं नीट वाचून, विचार करून मला विचारलं : बीज माझं, शुक्राणू त्याचा. एकच भ्रूण करायला सांगू. गोठवायचे नाहीत, टाकायचे नाहीत, निवडायचे नाहीत. मग चूक काय?

प्रश्न प्रामाणिक होता, आणि ख्रिस्तसभेनं तो टाळलेला नाही. ‘दोनुम विते’मध्ये नेमक्या याच प्रसंगाचा विचार आहे. भ्रूणांची हानी, उरलेले भ्रूण वर्षानुवर्षं शीतपेटीत राहणं, हे सगळं बाजूला ठेवलं तरीही उत्तर नाही असंच आहे. कारण असं दिलंय की मूल पतिपत्नींनी एकमेकांना शरीरानं आणि मनानं दिलेल्या देण्यातून यावं. वैद्यकानं त्या संबंधाला मदत करावी. त्याची जागा घेऊ नये. प्रयोगशाळेत गर्भधारणा ही तिसऱ्याच माणसाच्या कौशल्याची कृती होते, आणि तिथे येणारं मूल, कुणाच्याही मनात नसताना, तयार केलेल्या गोष्टीच्या जागी जाऊन बसतं. तयार करणारा आणि तयार झालेलं यांच्यात बरोबरी नसते. मूल आईबापांच्या बरोबरीचं माणूस आहे, पहिल्या पेशीपासून.

मी हे मानते. पण मला दोन मुलं आहेत आणि ती न मागता झाली, त्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडून तिला कसं ऐकू येईल याची मला धास्ती होती. तिनं विचारलंच, “ताई, तुम्हाला मुलं आहेत ना?” मी हो म्हटलं. त्यावर मला पुढे काही बोलता आलं नाही आणि बोलायचंही नव्हतं.

थोड्या दिवसांनी मी तिला फक्त एक गोष्ट जोडून दाखवली, कारण माझ्या मते सगळ्या शिकवणुकीचा कणा तोच आहे. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाच्या, २३७८व्या परिच्छेदात म्हटलंय की मूल हे कुणाचं येणं नाही, ते दान आहे. प्रयोगशाळेला नकार याच वाक्यातून येतो. पण तुझं लग्न पूर्ण आहे, हेही याच वाक्यातून येतं. मूल हा हक्क असता, तर ते न झालेलं प्रत्येक लग्न फसलेलं लग्न ठरलं असतं, नवरा बायकोचा देणेकरी किंवा बायको नवऱ्याची. दान आहे म्हणूनच तुम्ही दोघं एकमेकांचं, घराण्याचं, देवाचं काही देणं लागत नाही. नकार तेवढा घ्यायचा आणि हा होकार सोडायचा असं करता येत नाही. दुर्दैवानं आमच्यापैकी बरेच जण तसंच करतात.

एक गैरसमज इथे दूर करायलाच हवा. प्रयोगशाळेच्या मार्गानं जन्मलेल्या मुलाकडे ख्रिस्तसभा कमी मायेनं पाहत नाही. ‘दोनुम विते’तच आहे : जगात आलेलं प्रत्येक मूल देवाच्या चांगुलपणाची जिवंत देणगी म्हणून स्वीकारायचं. पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ला जन्मली, ‘हुमाने विते’ला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी. तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचियानी यांना कुणी विचारलं. पद्धतीबाबत त्यांनी ख्रिस्तसभेची भूमिका सोडली नाही, पण बाळाला शुभेच्छा दिल्या आणि आईबापांना दोषी ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही असं सांगितलं. २६ ऑगस्टला तेच पहिले जॉन पॉल या नावानं पोप झाले. असं बोलता यायला हवं आपल्याला.

वैध उपचार आहेत, हेही सांगितलं पाहिजे. व्हॅटिकनचं २००८चं ‘दिग्नितास पेर्सोने’ हे सूचनापत्र त्यांची नावंच घेतं : हार्मोनचे उपचार, एन्डोमेट्रिओसिसवर (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारावर) शस्त्रक्रिया, बंद गर्भनलिका मोकळ्या करणं. पुष्कळ जोडप्यांना यांतून मूल होतं, आणि हे रस्ते चाचपून न पाहता थेट प्रयोगशाळेकडे पाठवलं जातं याचं मला वाईट वाटतं. पण या दोघांच्या बाबतीत तिच्यात दोष नव्हता आणि त्याच्या अहवालापुढे ती यादी दोन मिनिटांत संपली.

त्याला आणखी एक बोच होती. वीर्यतपासणीसाठी प्रयोगशाळेत ज्या पद्धतीनं नमुना दिला, ती ख्रिस्तसभेला मान्य नाही हे त्याला नंतर कळलं. शरीरसंबंधाच्या वेळी छिद्र असलेल्या खास पिशवीत नमुना घेण्याचा मार्ग असतो. तो कुणी सांगितला नव्हता. मी त्याला फादरांकडे जाऊन बोलायला सांगितलं. फादर काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, असायलाही नको. परत आला तेव्हा खांदे जरा सैल झाले होते.

त्यांनी निर्णय घ्यायला चार महिने घेतले. शस्त्रक्रियेची तारीख घेतली होती, ती तिनं स्वतः फोन करून रद्द केली. त्या रात्री ती जेवली नाही, असं त्यानंच मला सांगितलं.

शास्त्रातल्या बायका

तिला भेटणारा प्रत्येक जण सारा, हन्ना, अलीशिबा यांची नावं घेत असे. धीर धर, देवानं त्यांनाही दिलं. माझी विनंती आहे की हे थांबवा. या सगळ्या कथांच्या शेवटी पाळणा हलतो. जिचा हलणार नाही तिला त्या कथा दर वेळी नव्यानं बाहेर काढतात.

हन्नाची कथा आम्ही तिघांनी मिळून वाचली, पण शेवटापर्यंत गेलो नाही. १ शमुवेल, पहिला अध्याय. हन्ना रडते, जेवत नाही. एलकाना तिला म्हणतो, मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का? नवऱ्याचं प्रेम खरंच आहे. पण शास्त्रात हन्नाचं उत्तर नाही. ती उठते आणि देवापुढे जाऊन मन मोकळं करते, इतकी की याजकाला ती दारू प्यायली आहे असं वाटतं. नवऱ्याच्या प्रेमानं दुःख भरून निघायलाच हवं, अशी सक्ती शास्त्र तिच्यावर करत नाही. तो म्हणाला, “मी हिला हेच विचारायचो. उत्तर आलं नाही की राग यायचा.”

मग यशया, छप्पन्नावा अध्याय. तिथे षंढ म्हणतो, मी वाळलेलं झाड आहे. आणि देव त्याला मुलगा देत नाही. माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलामुलींपेक्षा चांगलं, कधी न पुसलं जाणारं नाव देईन, असं म्हणतो. पाळण्याशिवाय संपणारं एवढं मोठं वचन शास्त्रात आहे आणि ते आपण मूल नसलेल्यांना वाचून दाखवत नाही. त्यानं त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. पुस्तक माझं होतं; मी काही म्हटलं नाही.

दत्तक, आणि “आता काय करणार?”

तारीख रद्द झाल्याचं कळल्यावर आठवड्याच्या आत तीन जणांनी त्यांना दत्तकाचं सुचवलं. त्यांचा हेतू चांगला होता. ख्रिस्तसभाही दत्तक घेण्याला उत्तेजन देते : दुसऱ्या जॉन पॉल यांच्या १९८१च्या ‘फामिलियारिस कोन्सोर्सियो’त, २००८च्या ‘दिग्नितास पेर्सोने’त, पोप फ्रान्सिस यांच्या २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’त ते पुन्हा पुन्हा येतं. पण या सगळ्या ठिकाणी ते आवाहन आहे. मूल नाही म्हणून दत्तक घ्यायलाच हवं, असा नियम कुठेच नाही. आणि दत्तक हा वंध्यत्वावरचा उपाय नाही. घरात येणारं ते मूल स्वतःचं दुःख घेऊन येतं. आईबापांचं दुःख झाकायला त्याला आणणं त्याच्यावर अन्याय आहे. मी त्यांना सांगितलं, वर्षभर हा विषय बाजूला ठेवा.

कॅटेकिझमचा १६५४वा परिच्छेद म्हणतो की मूल नसलेल्यांचा संसारही अर्थपूर्ण असतो. प्रेम, पाहुणचार आणि त्याग यांची फळं त्याला येऊ शकतात. हे वाक्य मला फार प्रिय आहे, आणि त्याचा गैरवापर कसा होतो तेही मी पाहिलंय. धर्मग्रामात कुठलंही काम निघालं की “तुम्हाला काय, मुलंबाळं नाहीत, वेळच वेळ” म्हणून या दोघांच्या गळ्यात टाकलं जात होतं. मोकळा वेळ म्हणजे फलद्रूपता नव्हे. तिनं दोन कामं सोडली. मी त्याला पाठिंबा दिला, आणि त्यावरून थोडी बोलणीही खाल्ली.

आमच्या हातून झालेली चूकही नोंदवते. एका रविवारी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी सगळ्या आयांना आशीर्वादासाठी उभं राहायला सांगितलं. तिच्या बाकावर ती एकटी बसून राहिली. मी दोन रांगा मागे उभी होते. मला तिच्या शेजारी जाऊन बसता आलं असतं. मी गेले नाही. नंतर मी फादरांशी बोलले. पुढच्या वर्षीपासून उभं राहायला सांगत नाहीत, आणि मूल हवं असून न झालेल्यांसाठी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती असते. ती विनंती तिनंच लिहून दिली.

सध्या

लग्नाला आता नववं वर्ष आहे. बाप्तिस्म्याच्या कार्यक्रमांना तो जातो, ती अजून बहुतेक वेळा जात नाही, आणि तो एकटा का आला असं कुणी विचारलं तर “तिला यायचं नव्हतं” एवढंच सांगतो. कारण बनवत नाही. वैद्यकीय फाईल टेबलावरून कपाटात गेली आहे. दत्तकाचा अर्ज त्यांनी आणून ठेवला आहे, भरलेला नाही. काकांनी त्यांच्या घरी येऊन माफी मागितली. सासूबाईंशी तिचं बोलणं सुरू आहे, पण त्या एका विषयावर नाही.

गेल्या महिन्यात दोघं लग्नाच्या तयारीच्या वर्गात बोलायला आले. मी सुचवलं नव्हतं, त्यांनीच विचारलं. वीस-बावीस वधूवर समोर बसले होते. वेदीपुढच्या त्या प्रश्नाशी मी आले, तेव्हा तिनं हात वर केला आणि म्हणाली, “हा मी समजावून सांगू?”